एका बाजूचा आवाज

"हॅलो... हॅलो... माझा आवाज येतो का?" सुदेशने रिसीव्हर कानापासून लांब धरला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच कुठेतरी वायर ओढून ठेवली असावी.

पलीकडचा दुकानदार मात्र इथे बाकावर बसल्यासारखा स्वच्छ ऐकू येत होता. "कुछ सुनाई नहीं देता भाई. काट रहा हूँ." आणि त्याने फोन ठेवला.

सुदेश माझा नवरा. आधी तो टीव्ही दुरुस्त करायचा, म्हणजे उघडायचा तरी नक्की. मग देवगडच्या बाजारात इंटरनेट आलं आणि स्वारीने टीव्ही सोडून इंटरनेटवरचे फोन धरले. मागच्या खोलीत एक जुना संगणक मांडला. त्याला तो सर्व्हर म्हणायचा आणि सकाळी देवाबरोबर त्यालाही उदबत्ती ओवाळायचा. आखातातल्या एका बंदराबाहेर खलाशांसाठी फोनचं दुकान होतं, तिथला फोन त्याने या सर्व्हरला जोडून दिला होता. तिकडून मुलं, नवरे बोलायचे आणि इकडे आमच्या बाकावर बसून बायका रडायच्या. थट्टा केली तरी खरं सांगते, त्याच्या या उद्योगाचा मला अभिमान होता.

आदल्या दिवशी त्या दुकानदाराने नवा राऊटर बसवला आणि सकाळपासून हे सुरू झालं. त्याचं आम्हाला ऐकू येई, आमचं त्याला नाही.

"झाला तरी काय?" मी विचारलं.

"बेल वाजवणारो एक आणि आवाज वाहून नेणारो दुसरो," तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. "त्या दुसऱ्याक मीडिया प्रॉक्सी म्हणतत. तो नवो राऊटर तेका घराभितुरलो पत्तो सांगता. माजघर, उजवी खोली. गावाचा नावच नाय! मगे आमचो आवाज थंय पोचतलो कसो?"

"मगे आता?"

"प्रॉक्सीक सांगूचा, राऊटर पत्तो सांगता थंय जाव नको, तेचो आवाज इलो त्याच वाटेन परत धाड. पण ता खंयच्या ओळीत सांगूचा, ताच गावणा नाय."

तेवढ्यात नर्मदाकाकी दारात आली. ती कुणकेश्वरची, बाजारात मासे विकायची. तिचा नवरा भिकाजीकाका गेल्यापासून तिला एक मुलगा प्रितमच होता आणि तो त्याच बंदरात नव्या बोटीची वाट बघत थांबला होता. बोट चाचेगिरीच्या टापूतून जाणार होती. जावं की नाही ते त्याला ठरवता येईना, म्हणून त्याने आईला गावदेवीला कौल लावायला सांगितलं होतं आणि आज दुपारी तो फोन करणार होता.

"डावो पडलो," काकी म्हणाली आणि बाकावर बसली. देवीच्या अंगावर लावलेली उजवीकडची कळी पडली तर जायचं, डावीकडची पडली तर नाही. इतकं सरळ होतं. "पुजाऱ्यान दुसऱ्यांदा लावून बघितलो. परत डावोच."

मी सुदेशकडे पाहिलं. त्याची बोटं टाइप करता करता थांबली होती.

आणि फोन वाजला.

सुदेशने स्पीकर सुरू केला. प्रितमचा आवाज खोलीभर झाला. "आये, मी बोलतंय. लाँच धक्क्याक लागली हा. कौलाचा काय झाला ता बेगीन सांग."

"डावो पडलो रे! जाव नको!"

"आये? आसंस मा?"

"डावो! बोटीर चढा नको रे बाबा!" काकी इतक्या जोराने ओरडली, की समोरचा कापडवाला बाहेर येऊन बघायला लागला. मासळीबाजारात या टोकाचं गिऱ्हाईक त्या टोकाला बोलावणारा तो आवाज, पण समुद्रापलीकडे त्यातलं अक्षरही जात नव्हतं.

"काकी, तेका ऐकाक जाणा नाय," सुदेश घाईने म्हणाला. "माका ओळ गावली हा. फकत मशीन एकदा बंद करून चालू करूचा लागतला."

"मगे कर!"

"फोन तुटतलो. लगेच परत लावतंय."

तो हात पुढे नेणार तोच काकीने त्याचं मनगट धरलं. "तोडू नको."

"काकी, ऐक माझा..."

"माझो झील बोलता हा. तोडू नको म्हणान सांगलंय मा!"

तिची पकड कोयता धरणाऱ्या हाताची होती. मला त्या क्षणी तिचा राग आला आणि दुसऱ्याच क्षणी त्या रागाची लाज वाटली. मुलाचा आवाज कानात असताना तो आपल्या हाताने तोडा, असं कुठल्या आईला सांगायचं? सुदेश तसाच अवघडून उभा राहिला.

स्पीकरमधून प्रितमचं हसू आलं. तो काय समजून चालला आहे ते मला कळलं. त्यांच्या घरात समुद्रावर निघणाऱ्याला मागून टोकत नाहीत. आई तर त्या वेळी मुळीच बोलत नाही. काही वाईट सांगायचं असेल तरच तोंड उघडायचं, नाहीतर मुकाट्याने जाऊ द्यायचं. तो या रिवाजातच वाढला होता.

"बोलणस नाय मा?" प्रितम म्हणाला. "समाजलंय. उजवो पडलो. तू टोकूचंस नाय, माका म्हायत नाय काय? माझी काळजी करू नको. येतंय गे आये."

"प्रितम! प्रितम रे!"

फोन बंद झाला. काकीने सुदेशचं मनगट सोडलं तेव्हा त्यावर बोटांचे लाल वळ उठले होते.

सुदेशने ती ओळ बदलली, मशीन बंद करून चालू केलं आणि दुकानाचा नंबर लावला.

"हाँ भाई, अब सुनाई देता है! एकदम साफ!" दुकानदार खूश झाला.

"प्रितम को बुलाव. जल्दी."

"वो तो गया. लाँच भी छूट गई. बहुत खुश था, बोला माँ ने रोका नहीं."

सुदेशने बोटीच्या कंपनीला फोन लावले, एजंटला लावले. सगळ्यांनी निरोप ठेवून घेतला. देवीने डावा कौल दिला म्हणून चालती बोट कोण थांबवणार?

त्यानंतर काकी बाजार आटोपला की आमच्याकडे यायची आणि काही न विचारता बाकावर बसायची. सुदेश मान वर करून तिच्याकडे बघत नसे. टोपातला भात तसाच राहायला लागला, तेव्हा मी त्याची थट्टा करायचं सोडून दिलं.

मग एका सकाळी मुंबईहून एजंटचा फोन आला. प्रितमने घरचा नंबर म्हणून आमचाच लिहून दिला होता. बाजारात जाता जाता काकी पाटी घेऊन नुकतीच येऊन टेकली होती. सुदेशने रिसीव्हर तिच्या हातात दिला आणि सवयीने विचारलं, "ऐकाक येता मा काकी?"

"येता," ती म्हणाली आणि फोनकडे वळली. "व्हय. मी आवस तेची." ती बराच वेळ ऐकत राहिली. मध्येच एकदा तिने विचारलं, "आणूक मिळतलो काय तेका?" उत्तर लांबलचक होतं. शेवटी ती "बरा" म्हणाली आणि रिसीव्हर जागेवर ठेवला.

सुदेश भिंतीला टेकून उभा होता.

"आज आवाज बरो इलो रे सुदेशा," काकी त्याला म्हणाली.

मग तिने पाटी पुढे ओढली. सकाळचे बांगडे ताजे होते, अजून एकही विकला गेला नव्हता.

"टोप हाड गो रूपाली," ती म्हणाली. "हे तुमका घेवा. आमच्याकडे आता चालूचे नाय."

मी टोप आणून तिच्यापुढे धरला. तिने एकेक बांगडा शेपटीला धरून हळूच आत ठेवला.