कॉर्नेलियाच्या सहीच्या गिटारी

"ही सही तुमचीच ना?" आमच्या सुपरवायझरने, लाइलने, चिठ्ठी कॉर्नेलियाच्या नाकासमोर धरली.

"माझीच."

"आणि ही? आणि ही पण?"

डेट्रॉइटच्या एका दुकानातून अडतीस इलेक्ट्रिक गिटारी परत आल्या होत्या. आवाज वाढवला की किंचाळतात, अशी तक्रार. प्रत्येकीच्या तारांत अडकवलेल्या चिठ्ठीवर 'उत्तीर्ण' आणि खाली कॉर्नेलिया बोस्माची गोल, शाळकरी सही. मी लाइलच्या मागे उभी होते आणि त्या चिठ्ठ्यांकडे बघायचं टाळत होते. का, ते सांगते.

आमच्या कारखान्यात शेवटच्या तपासणीच्या टेबलावर कॉर्नेलिया एकोणतीस वर्षं बसत होती. सहा तारा, प्रत्येकीवर बोट दाबायची बावीस घरं. एकेका गिटारीचे एकशे बत्तीस सूर ती एक-एक करून छेडायची, मग आवाज पूर्ण वाढवून कान देऊन बसायची. गाणं मात्र तिला एकही येत नव्हतं. "वाजवणारे ढिगाने आहेत, ऐकणारं कुणी नको का?" असं वर आम्हालाच सुनवायची. दोष सापडला की ती गिटारीला लाल चिकटपट्टी लावून ज्याची चूक त्याच्या टेबलावर पाठवायची. मग ती दुरुस्त करून, सगळ्यांच्या देखत, स्वतः उचलून तिच्यापुढे न्यावी लागे. मिशिगनभर थंडी पडली तरी आम्हाला घाम फुटायचा तो त्या लाल पट्टीने.

मी पिकअप बनवायचे. तारांखाली बसतात ती तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी. ती वितळलेल्या मेणात वीस मिनिटं बुडवून ठेवायची, आतली हवा बाहेर पडेपर्यंत. हवा राहिली की गिटार किंचाळते. फेब्रुवारीत मागणी वाढली आणि लाइल म्हणाला, "वर्ना, आठ मिनिटांत काढ. कमी पडलं तर कॉर्नेलिया आहेच की, ती सोडतेय होय?" मी काढली. मला वाटलं, पहिल्या दिवशीच लाल पट्ट्यांचा पाऊस पडेल. एकही आली नाही. महिनाभर वाट पाहिली आणि मग बिनधास्त झाले.

"खोटं बोलतायत दुकानवाले," कॉर्नेलिया म्हणाली. "लाव बघू एखादी."

लाइलने त्यातलीच एक जोडली आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं.

देवा! सुई कानातून आरपार जावी तसा आवाज. मी दोन्ही कान दाबले. पॉलिशवाला डर्क पार पलीकडच्या टोकाहून शिव्या घालायला लागला. लाइलचा चेहरा वाकडा झाला.

कॉर्नेलिया एप्रनवर हात बांधून शांत उभी होती.

"लाव की रे," ती म्हणाली. "कशाची वाट बघतोयस?"

लाइलचा हात बटणावरच राहिला. ते बंद करायचंही त्याला सुचेना. सगळ्या खोलीने कान दाबलेले आणि जिच्या कानावर आम्ही सगळे विसंबून होतो, ती एकटी आमच्याकडे बघत होती. मी हात खाली घेतले, पण उशीर झाला होता. तिने एकेकाचा चेहरा पाहिला. मग पुढे होऊन स्पीकरच्या कापडावर तळवा ठेवला.

"थरथरतंय," ती म्हणाली. "ओरडतेय का ती?"

शेवटी मीच मान हलवली. इतकं भयंकर काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

लाइलने गिटार बंद केली. "हे बघा," तो घसा खाकरून म्हणाला, "तपासणीचा आवाज वाढवायचा ॲम्प्लिफायर बिघडला होता असं लिहू. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमच्या. कशाला उगाच?"

"दर सकाळी मीच लावते तो. तो बरा आहे." तिने तक्रारीचा कागद ओढून घेतला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'तपासणाऱ्या बाईला उंच पट्टीचे बारीक आवाज ऐकू येत नाहीत.' खाली तीच गोल सही.

मला राहवेना. "कॉर्नेलिया, मी मेणात आठच मिनिटं ठेवत होते. वीस नाही."

"कधीपासून?"

"फेब्रुवारी. तू एकही परत पाठवली नाहीस, म्हणून वाटलं, पुरतायत आठ."

ती चिडेल, चार शिव्या देईल, असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने फक्त पेन माझ्यापुढे धरलं. "तुझं तू लिही."

मी लिहिलं. लाइलपुढे पेन गेलं तेव्हा त्याला नेमका ऑफिसात महत्त्वाचा फोन करायचा आठवला.

सुट्टी झाल्यावर मी तिच्याबरोबर गाडीपर्यंत गेले. मे महिना होता, कुंपणाजवळचं मेपल नुकतं पानांनी भरलं होतं. ती गाडीच्या दारापाशी थांबली.

"वर्ना, खरं सांग. आत्ता पक्षी ओरडतायत का?"

मी वर पाहिलं. झाडावर नुसता किलबिलाट चालला होता.

"हो गं. खूप."

"बारीक, शिट्टीसारखं? तुऱ्याचे, तपकिरी असतात ते?"

"तेच."

तिने मान वर करून फांद्यांमध्ये ते पक्षी शोधले.

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली, "शेजारच्या मिसेस पोस्टशी मी बोलत नाहीये. मला वाटलं, त्यांच्या मांजरीने अंगणातले सगळे पक्षी खाल्ले."

मग ती गाडीत बसली. जाताना वाटेत बेकरीपाशी तिची गाडी थांबलेली मला दिसली. ती हातात केकचा खोका घेऊन बाहेर येत होती.