घरच्या तळणीचा शनिवार

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचं डोकं थंड असावं लागतं, आणि त्याचं होतंही. दोन मजल्यांच्या मध्ये अडकून रडकुंडीला आलेल्या माणसांना तो फोनवरून असा काही धीर द्यायचा, की दार उघडेपर्यंत ती त्याला घरची गाऱ्हाणी सांगू लागायची. पण त्या शनिवारी सकाळपासून ते डोकं ठिकाणावर नव्हतं. आज त्याला चिकन तळायचं होतं.

घटस्फोटानंतर लेक दर शनिवारी त्याच्याकडे यायची. अंगाने काडीपैलवान, बोलायला मात्र कुणाला हार न जाणारी. तो तिला चिमणी म्हणायचा. स्वयंपाकाच्या नावाने त्याच्या घरी आनंदीआनंद होता, त्यामुळे शनिवारचं जेवण ठरलेलं: कोपऱ्यावरच्या दुकानातली तळलेल्या चिकनची बादली आणि कागदी पाकिटातले बटाट्याचे चिप्स. मागच्या खेपेला त्यातला एक तुकडा हाडापाशी गुलाबी निघाला. चिमणीने तो वर धरून दाखवलाही होता.

"बाबा, हे कच्चं आहे का रे?"

"खा गं, मसाल्याचा रंग असेल," म्हणून त्याने आपला तुकडा उचलला होता.

दुसऱ्या दिवशी चिमणी दवाखान्यात होती. हाताला सलाईन, ओठ पांढरेफटक.

तिची आई शाळेची व्हॅन चालवायची. दुसऱ्यांची पोरं डोळ्यांत तेल घालून घरोघरी पोचवणारी बाई, तिच्या पोरीची ही दशा. दवाखान्याच्या जिन्यात तिने आवाज चढवला नाही, त्यानेच तो जास्त घाबरला. "यापुढे बादलीतलं, खोक्यातलं, पाकिटातलं काही तिच्या पोटात गेलं, तर शनिवार विसरायचा. कोर्टात काय सांगायचं ते मी सांगेन."

"मी घरी करून घालीन."

"तू?" ती हसलीसुद्धा नाही.

चिमणीने बरी होताच फोनवरून मागणी केली. "मला तेच हवं. चिकन आणि चिप्स. पण तसंच कुरकुरीत हं!"

तिला वाटलं असेल, बाबा हात टेकेल. पण शनिवारी ती आली तोवर त्याने तयारी केली होती. चिकन रात्रभर दह्यात ठेवलं होतं. मैद्यात मीठ, मिरपूड, लसूण घालून ठेवला होता. चिमणीने बाह्या सरसावून तुकडे मैद्यात घोळले. घोळता घोळता नाकाला, कानाला, केसांनाही मैदा लागला. पहिला घाणा सोनेरी होऊन बाहेर आला तेव्हा त्याने तिला हात लावू दिला नाही. सगळ्यांत जाड तुकडा घेतला, सुरीने हाडापर्यंत चिरला आणि डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. आतून पांढराशुभ्र. मग कुठे त्याने श्वास सोडला.

चिमणी परीक्षक असल्यासारखी सावकाश चावत राहिली. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"दुकानातलं जास्त कुरकुरीत असतं," ती म्हणाली. त्याचा चेहरा पडला. "पण याला चिकनची चव आहे."

"मग त्याला कशाची असते?"

"बादलीची."

तो खदाखदा हसला. कितीतरी दिवसांनी. त्या हसण्याच्या भरात त्याने चिप्ससाठी कढईत आणखी तेल ओतलं, जवळजवळ काठोकाठ, आणि आच मोठी केली.

तेवढ्यात फोन वाजला. कंपनीतून होता. एक म्हातारे गृहस्थ एकटेच लिफ्टमध्ये अडकले होते, छातीत धडधडतंय म्हणत होते. माणसं निघाली होती, पण ती पोचेपर्यंत त्यांच्याशी कुणीतरी बोलायला हवं होतं. स्वयंपाकघरात आवाज तुटत होता. रेंज यायची ती फक्त गॅलरीत. त्याचा हात गॅसच्या बटणाकडे गेला आणि थांबला. तेल आता कुठे तापायला लागलं होतं. एक मिनिटाचं तर काम.

"कढईच्या जवळ यायचं नाही. दारात उभी राहा," एवढं सांगून तो गॅलरीत गेला.

"आजोबा, खाली बसा बघू. भिंतीला टेका. लिफ्ट पडत नसते, माझ्यावर भरवसा ठेवा. कुणाकडे निघाला होतात?" आजोबा नातवाकडे निघाले होते. नातू काय शिकतो, सून कशी आहे, सगळं हळूहळू बाहेर आलं. तो हूं हूं म्हणत राहिला. पलीकडे दार उघडल्याचा खडखडाट ऐकू आला तेव्हा त्याला पहिल्यांदा वास आला.

"बाबा!"

तो धावला. कढईतून ज्वाळा उठून वरच्या कपाटाला चाटत होत्या. धुराने छत दिसत नव्हतं. रोज लोकांना थंड डोक्याने सोडवणाऱ्या त्या माणसाच्या डोक्यात एकच शब्द उरला: पाणी. त्याने भरलेला जग उचलला.

"पाणी नको!" चिमणीने मागून त्याचा शर्ट दोन्ही मुठींनी ओढला. "बाबा, भडकेल! शाळेत सांगितलंय, पाणी नाही टाकायचं!"

जग हातातच राहिला. मग त्याने तो खाली टाकला, तिला दाराबाहेर ढकललं, हात लांब करून बटण बंद केलं. ओव्हनचा लोखंडी ट्रे उचलून त्याने तो कढईवर उपडा टाकला. मनगटावर काहीतरी चर्र झालं, पण ते कळलं नंतर. ट्रेच्या कडेने ज्वाळेची एक जीभ बाहेर आली, मग नुसता धूर.

दोघंही बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसली. त्याने तिचे हात, पाय, केस पुन्हा पुन्हा चाचपले. तिला कुठेही काही झालं नव्हतं. भिंत मात्र छतापर्यंत काळी.

"आईला नाही सांगायचं," चिमणी हळूच म्हणाली. "खिडक्या उघडू. भिंतीवर कॅलेंडर लावू. मोठं."

त्याने काळ्या भिंतीकडे पाहिलं. खरंच पाहिलं, माप घेतल्यासारखं. कॅलेंडर मावलं असतं. आणि तेवढ्यात बेल वाजली. तिची आई नेहमीसारखी वेळेआधीच आली होती.

दार उघडल्यावर तिला विचारायची गरजच पडली नाही. वास जिन्यापर्यंत गेला होता.

"मी गॅस चालू ठेवून फोनवर बोलायला गेलो," तो म्हणाला. "तेलाने पेट घेतला. ती इथे एकटी होती."

"मी दारात होते!" चिमणी ओरडली. "मी काही केलं नाही, बाबानेच विझवलं!"

आईने गुडघ्यांवर बसून तिच्या भुवया पाहिल्या, तळवे उलटसुलट केले, श्वासाला कान लावला. मग उठली. "चप्पल घाल."

चिमणी रडत जिना उतरली. आई दारात थांबली. तिची नजर त्याच्या मनगटावर गेली. "नळाखाली धर. बराच वेळ. बर्फ लावू नको." आणि दार लागलं.

पुढचे दिवस त्याने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. कामावर त्याने दोनदा चुकीची वायर जोडली. फोन वाजला की वाटायचं, कोर्टाचाच असणार. भिंत घासून घासून हात दुखले, डाग काही गेला नाही.

गुरुवारी चिमणीच्या आईचा फोन आला.

"शनिवारी माझ्याकडे ये. माझ्या गॅसवर कर. मी समोर बसणार."

त्याने विचारलं, "तू कोर्टात..."

"जाणार होते. कागद काढून ठेवले होते." ती म्हणाली. "कॅलेंडरचं सांगितलं मला तिने. तू ते लावलं नाहीस, खरं सांगून टाकलंस, म्हणून रुसली आहे तुझ्यावर. फोन बंद करून यायचं."

शनिवारी तिच्या स्वयंपाकघरात चहाचं भांडं हलल्याचा आवाजही मोठा वाटत होता. ती स्टूल घेऊन ओट्यापासून हातभर अंतरावर बसली होती. त्याच्या मनगटाला पट्टी होती. परीक्षेलाही तो इतका भ्यायला नव्हता.

"तेल एवढंच?" तिने विचारलं.

"कढईच्या अर्ध्याच्या वर नाही."

तिने वाकून कढईत पाहिलं. तुकडे तेलात गेले, तडतडले. एक थेंब ओट्यावर उडाला तशी ती अर्धी उठली, पुन्हा बसली. चिमणीला तिने दाराच्या अलीकडे येऊ दिलं नाही. शेवटचा तुकडा निघाला आणि गॅस बंद झाला, तेव्हा तिघांनाही कळलं की बराच वेळ कुणी नीट श्वास घेतला नव्हता.

तिने स्वतः सुरी घेतली, जाड तुकडा हाडापर्यंत चिरला आणि खिडकीच्या उजेडात धरला. मग घास घेतला. चावत राहिली.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली, आणि दुसरा तुकडा घेतला.

चिमणी धावत मिठाची बरणी घेऊन आली आणि बापाच्या मांडीला टेकून उभी राहिली. "पुढच्या शनिवारी पिझ्झा!"

त्याने भीत भीत समोर पाहिलं. हो म्हणायचं की नाही, ते काही त्याच्या हातात नव्हतं.

"त्याला तेल किती लागतं?" तिच्या आईने विचारलं.

"दोन चमचे."

तिने बोटं पुसली. "बघू," म्हणाली, आणि त्याच्यासाठीही एक ताटली काढली.