धुक्यात फिरून गेलेलं विमान

सायलीच्या साखरपुड्याच्या दिवशी छावणीतलं घर पाहुण्यांनी भरलं होतं, आणि थोरली बहीण निशा मात्र सकाळपासून चिकलठाण्याच्या विमानतळावर ड्यूटीवर होती. धावपट्टीचे दिवे सांभाळणं हे तिचं काम. कार्यक्रम दुपारी होता. दोघींचा भाऊ अभय त्यासाठी दिल्लीहून सकाळच्या विमानानं येत होता.

आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडून गेला होता, त्यामुळं उजाडलं तेच दाट धुक्यात. टॉवरवरून सांगणं आलं, दिवे पूर्ण प्रखर करा. निशानं केले. मग सहकारी सुदर्शनबरोबर जीपमधून धावपट्टीच्या कडेनं फेरी मारली. एकूण एक दिवा पेटलेला होता, पण चार-पाच दिव्यांपुढचं काही दिसत नव्हतं. दोघं धावपट्टीपासून बाहेर येऊन थांबले.

विमानाचा आवाज आला. जवळ आला, खाली आला. निशा जीव कानांत गोळा करून ऐकत होती. एकदम इंजिनांचा जोर वाढला आणि आवाज वर निघून गेला.

"गेलं," सुदर्शन म्हणाला. "मुंबईला नेतील आता."

निशाला वाईट वाटलं. पण त्याआधी आपल्याला हायसं वाटलं होतं, हेही तिला कळलं.

थोड्या वेळानं आईचा, रत्नमालाबाईंचा, फोन आला. "अगं, तू तिथं असून विमान उतरलं नाय? दिवे लावले नव्हते का?"

"सगळे लावलेत आई, पण धुकं..."

"भाऊ येणार म्हणून ठाऊक होतं ना तुला!" आईनं फोन ठेवला.

अभयशिवायच बुद्धवंदना झाली, अंगठ्या घातल्या गेल्या. निशा ड्यूटी संपवून आली, तशी आई पाठ फिरवून पाहुण्यांकडं गेली. अभय मुंबईहून टॅक्सीनं पोचला तेव्हा मांडव उतरवणं चाललं होतं.

"खिडकीबाहेर नुसता कापूस," तो सांगू लागला. "चाकं उघडली तरी जमीन दिसंना. विमान वर उचललं तेव्हा बरं वाटलं."

"मग हिचे दिवे?" आईनं निशाकडं न बघता विचारलं.

"ठरलेल्या उंचीपर्यंत पायलटला दिवे दिसले तर तो उतरतो," निशा म्हणाली. "नाय दिसले तर उतरायचंच नाय. त्यानं बरोबर केलं."

आई अभयजवळ गेली. त्याच्या दंडावरून हात फिरवला.

"सकाळीच सांगायचं की हे," ती निशाला म्हणाली.

"सांगत होते. तू फोन ठेवलास."

"ठेवणारच. लई राग आला होता."

रत्नमालाबाईंनी निशाची आणि अभयची ताटं शेजारी-शेजारी वाढली. आतून सायली ओरडली, "दादा, लवकर जेव! तुझ्यासोबतच्या फोटोसाठी मी अजून साखरपुड्याची साडी बदलली नाय!"