परवाना विजयमालाबाईच्या नावाचा

बोरी अरबच्या शिवारात, शेतातच बांधलेल्या दोन खोल्यांत विजयमालाबाई आणि तिची मुलगी अर्पिता राहत. नवरा वारल्यावर जमीन बाईच्या नावावर झाली. धुऱ्यापलीकडचं, बांधाला लागूनचं वावर कसणाऱ्या तिच्या धाकट्या दिराला, वामनरावाला, ते सहन झालं नाही. बाईमाणसानं असं एकटं राहू नये, माहेरी कळंबला जावं, असं तो आधी गोडीनं सांगायचा. मग विहिरीवरची मोटर जळाली. मग राखणीची कुत्री मेली.

एका संध्याकाळी विजेची लाइन गेलेली असताना तोंड बांधलेले दोघं घरात शिरले. एकानं अर्पिताला मागून धरून तिचं तोंड दाबलं. दुसऱ्यानं विजयमालाबाईचा डावा हात पाट्यावर दाबून धरला आणि वरवंट्यानं बोटं ठेचली. घाई न करता, एकेक. नेलं काहीच नाही. जाताना त्यानं गाव सोडायला सांगितलं. ठाण्यात ते चोरीचा प्रयत्न म्हणून लिहिलं गेलं. वामनराव दवाखान्यात मोसंबी घेऊन आला आणि उशाशी बसून रडला.

हाताचं बँडेज सुटायच्या आधीच तिनं बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला. यवतमाळच्या चकरा मारता मारता वर्ष निघून गेलं. चौकशीला आलेल्या पोलिसाला वामनराव म्हणाला, द्या साहेब, एकटी बाई आहे. ठेचलेल्या हाताची बाई बंदूक काय चालवणार, असं त्याला वाटलं असावं.

परवाना आला तेव्हा ती हिरासिंगला घेऊन नागपूरला गेली. हिरासिंग फौजेतून निवृत्त झालेला, दारव्ह्याच्या एका बँकेच्या दारात स्वतःची बंदूक घेऊन बसायचा. तिच्या नवऱ्याशी त्याची जुनी ओळख होती. दुकानदार सगळं हिरासिंगलाच समजावून सांगत होता. दुनळी बंदूकही त्यानं हिरासिंगच्याच हातात दिली.

"परवाना माह्या नावाचा हाय," विजयमालाबाई म्हणाली.

तिनं बंदूक उचलली. डाव्या हाताची बोटं मिटेनात. नळी हळूहळू खाली झुकली आणि काउंटरच्या काचेवर टेकली. बाजूला उभं असलेलं एक गिऱ्हाईक हसलं. परवान्यात बंदूक किंवा रिव्हॉल्वर, दोन्ही चालत होतं, म्हणून मग एका हातानं धरता येईल असं रिव्हॉल्वर घेतलं.

नेमबाजीच्या रेंजवर पहिली गोळी सुटली तेव्हा हात कपाळापर्यंत उडाला आणि गोळी कुठं गेली ते कुणालाच दिसलं नाही. पुढं हिरासिंग रविवारी शेतात यायचा. रिकाम्या रिव्हॉल्वरच्या नळीवर रुपयाचं नाणं ठेवायचा. घोडा दाबताना ते पडता कामा नये. पडलं की परत पहिल्यापासून. मनगट सुजलं, तरी तिनं सोडलं नाही. त्यानं एक गोष्ट मात्र बजावून सांगितली.

"बाई, धाक दाखवाले हे काढायचं नाही. काढलं तं मारायचं. मारायचं नसन, तं पेटीतच राहू द्या."

भिंतीवर तिनं कोळशानं एक गोल काढला होता. संध्याकाळी भाकरी झाल्या की ती त्याच्यापुढं उभी राहायची आणि रिकामा घोडा दाबायची. काही महिन्यांनी त्या गोलाला तिनं मिशा काढल्या. वामनरावाच्या मिशा तशाच होत्या.

"आई, घोडा दाबताना तू हासतं," एकदा अर्पिता म्हणाली. विजयमालाबाईनं परत घोडा दाबला.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका दुपारी, अर्पिता कॉलेजला गेलेली असताना, तुरीत कुणीतरी वाकलेलं विजयमालाबाईला दिसलं. भरलेलं रिव्हॉल्वर घेऊन ती गेली. विळ्यानं ठिबकच्या नळ्या कापत बसला होता अक्षय, वामनरावाचा पोरगा. त्याची आई कायम आजारी, म्हणून लहानपणी तो हिच्याच हातचं जेवला होता. अजूनही तिला मोठी माय म्हणायचा.

रिव्हॉल्वर पाहून त्यानं विळा टाकला आणि आपण होऊन गुडघ्यांवर बसला. त्या संध्याकाळी तू होतास का, असं तिनं विचारलं.

"म्या तुमाले हात नाही लावला, मोठी माय," तो म्हणाला. "म्या फक्त अर्पिताले धरलं होतं."

तिनं नळी त्याच्या कपाळाला लावली आणि बापाला फोन लावायला सांगितलं. वामनराव चपला घालून धुऱ्यावरून चालत आला आणि थोडा दूर थांबला. त्या संध्याकाळी ती माणसं मीच पाठवली होती, एवढं त्यानं पोरासमोर बोलावं, असं तिनं सांगितलं. तिला तेवढंच हवं होतं. तिचं बोट घोड्यावर गेलं. अक्षयची पँट ओली झाली.

 वामनराव धुऱ्यावर बसला.

"मारा, वैनी," तो शांतपणे म्हणाला. "मले अजून एक पोरगं हाय. तुमी जेलात गेल्यावर तुमच्या पोरीले कोण हाय?"

अक्षयनं मान वळवून बापाकडं पाहिलं. बापानं त्याच्याकडं पाहिलं नाही. वामनरावानं खिशातून मोबाइल काढला आणि व्हिडिओ सुरू केला.

नळीवर रुपया ठेवला असता तरी पडला नसता. इतकं ते तिला आता येत होतं. पण थोड्या वेळानं प्रवासी जीपमधून उतरून अर्पिता याच वाटेनं घरी येणार होती. विजयमालाबाईनं घोड्यावरचं बोट काढलं आणि रिव्हॉल्वर खाली केलं. आता हा पोरगा उठून बापाच्या अंगावर जाईल, असं तिला वाटलं. अक्षय उठला, गुडघ्याची माती झटकली आणि बापाच्या मागं जाऊन उभा राहिला.

संध्याकाळी तो व्हिडिओ पाहून पोलीस आले. रिव्हॉल्वर जप्त झालं, परवाना गेला, तिच्यावर गुन्हा दाखल झाला. वासरू शोधायला गेलो होतो, मोठ्या मायचं डोकं फिरलंय, असा जबाब अक्षयनं दिला. हिरासिंगला ठाण्यात बोलावलं. स्वतःचा परवाना गेला असता तर त्याची नोकरीही गेली असती. मी फक्त दुकान दाखवायला गेलो होतो, बाईला काही शिकवलं नाही, असं तो तिच्यासमोर म्हणाला आणि बाहेर जाऊन बिडी ओढत उभा राहिला. अक्षयनं तिच्यापाशी काय कबूल केलं होतं, ते तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं. पुरावा काय, असं साहेबांनी विचारलं.

त्यानंतर तिच्या वावरात मजूर यायचे बंद झाले. झाडांवरचा कापूस झाडांवरच राहिला. पावसाळ्याआधी मायलेकी यवतमाळला एका खोलीत राहायला गेल्या. अर्पितानं कॉलेज सोडलं आणि साड्यांच्या दुकानात कामाला लागली. जमीन वामनराव बटईनं, म्हणजे वाट्यानं करतो. बटईत काय द्यायचं ते तोच ठरवतो.

दर साल अक्षय तुरीचं एक पोतं घेऊन येतो. यंदाही आला, पोतं दारात उतरवलं आणि पाणी मागितलं. विजयमालाबाईनं पाणी दिलं.

"तुह्या बापानं मारा म्हटलं, ते तू ऐकलं ना?" तिनं विचारलं.

"हो."

"मंग?"

"मंग काय, मोठी माय. घर तं तेच हाय." त्यानं गिलास ठेवला आणि निघून गेला.

अर्पिता दारात आडवी उभी राहिली. हे पोतं घरात घ्यायचं नाही, म्हणाली.

"तूर आपलीच हाय," विजयमालाबाई म्हणाली. तिनं पोरीला बाजूला सारलं, उजव्या हातानं पोतं ओढत आत आणलं, शिवण उसवली आणि सुपात तूर घेऊन खडे वेचायला बसली.