चंद्रीचा लगाम

आमचं मालक आकाराम टांगा हाकायचं. सांगलीच्या स्टँडावरनं मिरजंला आनि मिरजंवरनं माघारी, दिसभर त्येच. घोडीचं नाव चंद्री. घोडी लय गुनाची, मानूस मातूर तवा गुनाचा नव्हता. आमच्या घराकडनं मिरजंला निघालं की वाटंत डाव्या हाताला एक बोळ लागतो. त्या बोळात हातभट्टीचा गुत्ता व्हता. सांज झाली की टांगा तितं शिरायचा. मालक आत, चंद्री भाईर तोबऱ्यात तोंड घालून उभी. मालक बेसुद झालं की कुनीतरी उचलून टांग्यात टाकायचं, आनि चंद्री आपली आपन घरी आनायची. लगाम खाली लोंबतोय, मालक घोरत्यात, टांगा दारात हजर. शेजारचा चांदसाहेब, त्योबी टांगेवालाच, म्हनायचा, "बनुभाभी, तुझ्या नवऱ्यापरीस घोडी शानी हाय." खोटं थोडंच व्हतं.

आमी किरिस्ताव, मालकांच्या आज्ज्यापास्नं. दर ऐतवारी मी आनि आत्ती, म्हंजे माजी सासू साळूबाई, उपासनेला जायचो. मालक नाताळाला तेवढं यायचं, त्येबी नवी कापडं असली तर.

दुष्काळ सरला आनि सांगलीत रिक्षा दिसाय लागल्या, त्या साली आमच्या चर्चच्या मंडळीत सभा लागल्या. भाईरगावचा उपदेशक आला व्हता. त्यो म्हनला, "देवाला निस्ता ऐतवार देऊ नका. सकाळी डोळा उघडल्यापास्नं रातीला मिटंपतुर समदा दिस त्येच्या हवाली करा. हात द्या, पाय द्या, धंदा द्या." शेवटच्या दिशी मालक उठून पुढं गेलं, गुडघं टेकलं आनि लेकरावानी रडलं. त्या दिसापास्नं दारूला शिवलं न्हाईत. मीबी रडले. मला वाटलं, सुटले बाई एकदाची.

पन ह्यो मानूस कुटली गोष्ट बेतानं करंल तर शप्पत! समदा दिस द्यायचा म्हंजे समदा. सदरा घालायच्या आदी डोळं मिटून इचारायचं, "प्रभू, ह्यो का त्यो?" भाकरीच्या आदी प्रार्थना आमी समदीच करतो, ह्ये कांदा फोडायच्या आदीबी करायचं. स्टँडावर गिऱ्हाईक उभं, आनि मालक डोळं मिटून इचारत्यात, ह्येला न्यावं का न्हाई. तवर गिऱ्हाईक रिक्षात बसून पसार. मी म्हनलं, "आवं, प्रभूला तुमचा टांगा सोडून दुसरी कामं हाईत का न्हाईत?" तर निस्तं हसायचं. दारूत व्हतं तवा निदान भांडता तरी येत व्हतं. आता भांडावं तर देवाशी भांडल्यागत.

तरी मी सोसत व्हते. माजं मागनं एकच व्हतं, ह्येंचा पाय परत त्या गुत्त्यात पडू नये. सदरा कुटलाबी घाला, कांदा खावा न्हाईतर ऱ्हावा. एक येळ उपाशी काडीन, पन त्ये दिस परत नको.

मंग एक दिस आत्तीच्या पोटात कळ उठली. म्हातारी गडाबडा लोळाय लागली. मालकांनी टांगा जुपला. आत्तीला मागं गोधडीवर निजवलं, मी त्यांना धरून पुढं तोंड करून बसले. मिरजंला मिशनच्या दवाखान्यात जायचं व्हतं. ऊन कलत आलं व्हतं. मालकांनी टोपी काडली, प्रार्थना केली, आनि लगाम काय हातात घ्येतलाच न्हाई. पुढच्या खुट्टीला आडकवून दिला.

"आवं, लगाम धरा की!"

"आज मी न्हाई हाकायचा, बनु," म्हनले. "मी बेसुद व्हतो तवा ह्या घोडीनं मला घरी आनलं. त्ये कुनी आनलं? प्रभूनंच न्हवं? आता तर मी सुदीत हाय, समदं त्येला दिलंय. आईला त्यो बराबर न्हेईल."

माज्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पन म्हातारी कन्हत व्हती, तिला सोडून कशी उठू? चंद्री निघाली. सरळ, झोकात, मानंचा घुंगुर वाजवत. मला बी वाटाय लागलं, काय सांगावं, आसंल प्रभूच्या मनात. आनि बोळ आला. चंद्रीनं कान टवकारलं आनि डावीकडं वळली. जराबी घोटाळली न्हाई. गुत्त्याच्या दारात जाऊन उभी ऱ्हायली आनि तोबऱ्यासाठी मान हालवाय लागली.

मालकांचं तोंड पांढरंफट पडलं.

आतनं हंबीरराव आला. लष्करातनं पेन्शन घिऊन आलेला, ह्येंचा पिन्यातला जुना सोबती. हातात गिलास. "आरं आकाराम! लय दिसांनी रं गड्या! घोडीनं वळखलं बग दुकान. उतर, उतर, घसा वला कर." आनि गिलास ह्येंच्या म्होरं धरला.

मालक गिलासाकडं बगत व्हते. नाकपुड्या हालत व्हत्या. त्यो वास माज्यापतुर आला, त्येंच्या तर नाकाशीच व्हता. मागं न बगता म्हनले, "बनु, प्रभूनं मला हितं का आनलं गं?"

"प्रभूनं न्हाई, घोडीनं आनलं!" मी वराडले. "तिला कोन सांगनार, तुमी देवाचं झालाय म्हनून? धरा त्यो लगाम!"

मागनं आत्तीचा बारीक आवाज आला, "आकाराम, लेकरा, मला दवाखान्यात न्हेनार हाईस का हितंच मारनार हाईस?"

मालकांनी लगाम धरला. वढला. चंद्री हालंना. ती कशाला हालतीया! हितं आलं की घटकाभर थांबायचं, ही तिची सवय. चाबूक उगारला तरी कान पाडून उभी. आता खाली उतरून तोंडाशी धरून वळवल्याबिगर इलाज नव्हता. आनि खाली उतरायचं म्हंजे गुत्त्याच्या दारात.

मालक उतरले. हंबीरराव हसला, वाटंतनं हालला न्हाई. मी डोळं गच मिटलं. प्रार्थना कसली सुचतीया, "येशू, येशू" एवढंच म्हनत ऱ्हायले. खरं सांगू? मला वाटलं, गेलं. आता ह्यो मानूस काय माघारी येत न्हाई.

टांगा हिसकला. डोळं उघडलं तर मालक चंद्रीच्या तोंडाशी, दोनी हातांनी लगाम धरून तिला मागं रेटत व्हते. डोळ्यांतनं पानी वाहतंय, सदऱ्याच्या बाहीवर दारू सांडलेली. चंद्री वळली. रस्त्याला लागलो तसं मालक उडी मारून बसले, लगाम मनगटाला गुंडाळला, आनि टांगा थेट मिरजंला पिटाळला.

आत्ती बरी झाली. मालकांचं सदऱ्याचं आनि कांद्याचं इचारनं त्या दिसापास्नं बंद झालं. सकाळी टांगा जुपला की लगाम मनगटाला गुंडाळायचं, डोळं मिटायचं आनि म्हनायचं, "प्रभू, आजचा दिस तुजा. हात थरथरू देऊ नगंस." संपलं.

चंद्री मातूर बोळ आला की रोज डावीकडं वढ घ्यायची. रोज. ह्येंनी लगाम उजवीकडं खेचायचा. चांदसाहेब म्हनला, "आकाराम, बदलून टाक ही घोडी. जिवाला ताप." मालक नगं म्हनले.

पुढं चंद्री म्हातारी हुन मेली. चांदसाहेबानंच नवा घोडा मिळवून दिला, शिराळ्याकडचा, सांगली कवा न बगितलेला. पयल्याच आठवड्यात मी भाजीला म्हनून टांग्यात बसले. बोळ जवळ आला. घोडा आपला नाकासमोर चाललेला. आनि मालकांनी दात आवळून लगाम उजवीकडं आसा खेचला की घोडा भेदरून भाजीवालीच्या पाटीवरच गेला. वांगी रस्ताभर. बाईनं आमचा उद्धार केला.

"आवं, डोकं फिरलं का तुमचं?" मी म्हनलं. "ह्या घोड्याला काय म्हाईत त्यो बोळ!"

मालक खाली उतरून वांगी गोळा करत व्हते. "घोडा नवा हाय गं, बनु," म्हनले. "हाकनारा त्योच हाय."

मीबी उतरले, चार वांगी उचलली. मंग टांग्यात पुढं, त्येंच्या शेजारी जाऊन बसले, त्येंच्या मनगटावर हात ठिवला आनि बोळ मागं पडंपतुर काडला न्हाई.