कोऱ्या बारा ओळी

"तात्या, इथं सह्या करा. बारा ओळी हायत. अप्पा यायच्या आत."

मरियमने नोंदवही भिमाजींसमोर सरकवली आणि घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन होऊन गेले होते, चारला बैठक. बेलापूरच्या या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून तिची बावीस वर्षं गेली, पण कुणाला खोटी नोंद करायला सांगायची ही पहिलीच वेळ.

गावचा एक मुलगा विलायतेत स्थायिक झालेला. छोट्या आगगाड्या बनवण्याच्या छंदाची दोन इंग्रजी मासिकं तो वाचनालयाला पाठवायचा. यंदा त्याने कळवलं, एकच पाठवीन, कोणतं ते सांगा; मुदत आजची. अध्यक्ष रंगनाथअप्पा नियमाला पक्के: ज्या मासिकापुढे वाचकांच्या सह्या जास्त, ते राहील. एकात लेख आणि रंगीत फोटो. ते शाळेतले जेम्स मास्तर वाचत आणि एखाददुसरा महिना सोडता दर महिन्याला झोकात सही ठोकत. दुसऱ्यात नुसत्या मापांच्या आकृत्या. त्याच्यापुढे वर्षभराच्या बारा ओळी कोऱ्या.

त्या कोऱ्या ओळींचा धनी समोर बसला होता. भिमाजींनी रेल्वेच्या फाटकावर तीस वर्षं काढली. फाटक जाऊन भुयारी रस्ता झाला, तेव्हापासून दर मंगळवारी ते येत, आकृतीवर दोरा ताणून माप घेत, दोऱ्याला गाठ मारत आणि घरी जात. घरी पत्र्याचं आणि बाभळीच्या ढलप्यांचं, रुळांसकट हातभर फाटक उभं राहिलं होतं. सिग्नलचा हात तेवढा खाली पडत नव्हता. तो कसा पाडायचा, हे पुढच्याच अंकात येणार होतं.

"वर्सभर तुमीच तर हाताळलंय ते," मरियम म्हणाली.

"हाताळलं. वाचलं न्हाई. मला कुठं विंग्रजी येतं?"

"कोन इचारनार हाय, तात्या?"

भिमाजींनी वही परत सरकवली. "फाटकावर असताना येकदा मी रजेवर हुतो. टेशनातनं कागद आला, गाडी लवकर येनार म्हनून. बदलीवाल्यानं न वाचताच सही केली. फाटक उघडं, अन् बैलगाडी रुळावर."

मरियमला स्वतःचाच राग आला. नुसता चित्रं पाहणारा माणूस, त्याची कसली नोंद, असं म्हणून तिनेच इतकी वर्षं वही त्यांच्यापुढे केली नव्हती. पेन तिच्या हातात होतं. बारा सह्या तिनेही ठोकल्या असत्या. अप्पांना कळलं नसतं. देवाची गोष्ट वेगळी.

जिन्यात चपला वाजल्या.

"बाई," भिमाजी घाईने म्हणाले, "म्होरं 'पाहिले' असं लिवा. मंग करतो."

तिने बारा वेळा लिहिलं. त्यांनी बारा वेळा, एकेक अक्षर जुळवत, सही केली. शेवटची झाली तेव्हा अप्पा आणि जेम्स मास्तर दारात उभे होते.

अप्पांनी चष्मा सावरून पान वाचलं. "भिमाजी, हे वाचन न्हाई. नियमात बसत न्हाई."

"मोजा की त्यांच्या सह्या, अप्पा," मास्तर म्हणाले. "मी सही करतो, पण निम्मे अंक उघडतसुदा न्हाई."

"तुमची सही हाय ना? झालं तर मग."

आकृत्यांचं मासिक बंद झालं.

पुढच्या मंगळवारी भिमाजी येणार नाहीत अशीच मरियमची खात्री होती. ते आले, पोत्यात गुंडाळलेलं फाटक घेऊन. मांडणीतल्या रिकाम्या झालेल्या कप्प्यात त्यांनी ते बेताने ठेवलं. सिग्नलचा हात आडवाच होता.

"पडला न्हाईच का, तात्या?"

"न्हाई. आता पडत बी न्हाई. हात आडवा हाय तवर गाडी यायची न्हाई."

त्यांनी फाटकाचे दोन्ही दांडे वर केले, खिशातून बोटभर लाकडी बैलगाडी काढली आणि रुळांच्या मधोमध ठेवली. मग खुर्ची ओढून ते त्या बैलगाडीसमोर निवांत बसले.