कोणाला कळू नये असं काम

वहिनीने दोन बोटांनी प्रश्न टाइप केला आणि फोन सल्लागार बाईंच्या पुढे सरकवला. आजारपणात केस गेले आहेत, ऑनलाइन चांगला विग कुठे मिळेल, एवढंच विचारलं होतं. चॅटबॉटने क्षणभरात पाच दुकानांची नावं दिली. प्रत्येक नावाखाली दोन-दोन आपुलकीच्या ओळी.

"यात आपण कुठे आहोत?" वहिनीने विचारलं.

"नाहीच आहोत," सल्लागार बाई म्हणाल्या. त्या पहिल्याच दिवसापासून 'आपण' म्हणत होत्या. "तो चार ठिकाणी वाचतो आणि मग सांगतो. आपल्याबद्दल त्याला वाचायला काही सापडतच नाही. बावीस वर्षांत बाहेरच्या माणसाने या दुकानाविषयी लिहिलेली एक ओळ नाही. मी दोन दिवस शोधलं."

"नसणारच," आतल्या खोलीतून ताईंचा आवाज आला. "कोणी बोललं, म्हणजे माझं काम फसलं."

ताई म्हणजे वहिनीच्या नवऱ्याची थोरली बहीण. बारीक जाळीवर आकड्याने एकेक केस गाठवून त्या विग करायच्या. एक विग पुरा व्हायला महिना-दीड महिना लागे. आतल्या खोलीत फळीवर लाकडी डोकी ओळीने मांडलेली, खिडकीशी ताईंची करकरणारी खुर्ची. बाहेरच्या खोलीत आरसा, टेबल, पार्सलची खोकी आणि वहिनी. फोन घेणं, मापं लिहून घेणं, वेबसाइट सांभाळणं, सगळं तिच्याकडे. गिऱ्हाइकं दोघींना ताई आणि वहिनीच म्हणत, आणि म्हणता म्हणता घरातही तीच नावं पडली होती.

ताई म्हणत होत्या त्यात खोटं काही नव्हतं. गेल्याच आठवड्यात बाजारात एक जुनं गिऱ्हाईक समोरून आलं आणि ताईंना पाहून चक्क रस्ता ओलांडून पलीकडे गेलं. ताई घरी आल्या त्या खुशीत. "मागून बघितलं मी तिला," त्या म्हणाल्या. "भांग काय सुरेख बसलाय."

पण पूर्वी एकीकडून दुसरीला कानात सांगून कळायचं, ते आता बंद पडत चाललं होतं. लोक कानात सांगायचं सोडून फोनला विचारू लागले होते. वर्षभरात मागण्या निम्म्यावर आल्या. एका मोठ्या कंपनीने ताईंना दुरुस्ती विभागात बोलावलं होतं. यंत्रावर शिवलेल्या विगांचे उसवलेले टाके पुन्हा घालायचं काम. ताई त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या, म्हणजे विचार करत होत्या. म्हणून वहिनीने सल्लागार बाईंना गाठलं. दुकानांची नावं चॅटबॉटच्या तोंडी यावीत यासाठी मदत करणं हाच त्यांचा व्यवसाय होता.

"हमी देणार नाही," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "आणि एक गोष्ट. रचलेला अभिप्राय एकही नको. ते मी करत नाही."

पहिल्या महिन्यात त्यांनी वहिनीला एकच काम दिलं. लोक फोनवर काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहायचं आणि खाली सरळ उत्तर द्यायचं. वहिनीने वही काढली. वाऱ्यात उडेल का? झोपताना काढायचा का? नातवाने ओढला तर? धुवायचा कसा? नवऱ्याला सांगावं का?

"याला काय उत्तर लिहू?" तिने आत डोकावून विचारलं.

"लिही, की आम्ही तरी सांगणार नाही."

तसंच लिहिलं. केस परत येणार असतील तर महागाचा घेऊ नका, चार महिन्यांसाठी साधा पुरतो, हेही ताईंनी लिहायला लावलं. सल्लागार बाईंनी ते वाचून मान डोलावली आणि एक शब्द बदलला नाही.

महिन्याभराने चॅटबॉट विग धुवायची पद्धत सांगू लागला, जवळजवळ ताईंच्याच शब्दांत. 'पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा.' खाली त्यांच्या दुकानाचा दुवाही असायचा. पण घ्यावा कुठून असं विचारलं, की पुन्हा तीच पाच नावं.

"म्हणजे धुवायला आमच्याकडे शिका, आणि घ्या त्यांच्याकडून," वहिनी म्हणाली.

"आता माणसं हवीत," सल्लागार बाई म्हणाल्या. "वापरणारी. त्यांनी आपल्या मनाने चार ओळी लिहायला हव्यात, बस."

वहिनीने अकरा जणींना फोन केले. सगळ्या गोड बोलल्या. विग उत्तम आहे, ताईंच्या हातात जादू आहे, पण लिहायचं तेवढं सांगू नका. एक म्हणाली, "सासूबाईंना माहीत नाही हो." दुसरी म्हणाली, "माझ्या फोनमध्ये तुमचा नंबर 'दातांचे डॉक्टर' म्हणून ठेवलाय." अकराव्या फोननंतर वहिनीने वही मिटली. पाणी प्यायली. मग कोरा कागद घेऊन टेबलाशी बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही.

दुसऱ्या दिवशी तो कागद तिने सल्लागार बाईंच्या हातात दिला. त्यांनी दोनदा वाचला.

'पहिले तीन महिने मी कोणाचं बोलणं ऐकलंच नाही. समोरच्याची नजर माझ्या कपाळावर सरकते का, तेवढंच बघत असे. बसमध्ये खिडकी उघडी असली की उभी राहायचे. भाच्याला कडेवर घेणं सोडलं होतं. मग एक दिवस त्याने मूठभर केस धरून ओढले. जोरात. केस जागचे हलले नाहीत, मीच ओरडले. त्या दिवसापासून मी बसमध्ये खिडकीशी बसते. उन्हाळ्यात मात्र खाजतं. दुपारी तासभर काढून ठेवावासा वाटतो, आणि ठेवावा. पोहायला जाणार असाल तर हा घेऊ नका.'

सल्लागार बाईंनी चष्मा काढला.

"वहिनी, हे मी टाकणार नाही."

"का? वाईट लिहिलंय?"

"छान लिहिलंय. तेच म्हणतेय. मी पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं? त्या यंत्राला कळेल न कळेल, पण वाचणाऱ्या बाईला आपण फसवायचं नाही. खरी गिऱ्हाइकं असं लिहीत नाहीत. ती लिहितात, 'वस्तू चांगली, वेळेवर मिळाली.' यात भाचा आहे, बस आहे. गोष्ट आहे ही. तुमची अडचण समजते मला, पण नको."

आतल्या खोलीत खुर्ची करकरायची थांबली.

वहिनीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. 'बरं' म्हणून कागद परत घेता आला असता. नऊ वर्षं ती अशा प्रत्येक वेळी 'बरं' म्हणत आली होती. लग्नकार्यात कोणी केसांचं कौतुक केलं की 'आईचे आहेत' म्हणायची आणि विषय बदलायची. तिने कागदाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग खुर्ची थोडी मागे सरकवली.

"ताई, जरा येता का? उजव्या कानामागे सकाळपासून सैल वाटतंय."

ताई दारात आल्या. आधी सल्लागार बाईंकडे पाहिलं, मग वहिनीकडे.

"आत ये," त्या हळूच म्हणाल्या.

"इथेच बघा ना. उजेड आहे."

बावीस वर्षांत ताईंनी हे तिसऱ्या माणसासमोर कधी केलं नव्हतं. त्या पुढे आल्या, पदराला हात पुसले, वहिनीच्या कानामागची कड दोन बोटांनी उचलली. आतली क्लिप थोडी पुढे घेऊन दाबली. कड पुन्हा बसवली, तळव्याने केसांवरून एकदा हात फिरवला.

"ऊन वाढलं की जाळी सैल पडते," त्या म्हणाल्या. "सांगितलं होतं तुला."

सल्लागार बाईंच्या हातात चष्मा तसाच राहिला होता. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग कागदाकडे.

"किती वर्षं?"

"नऊ."

"दोन महिने मी तुमच्यासमोर बसतेय."

"मग काम बरं झालंय म्हणायचं," ताई म्हणाल्या आणि आत गेल्या.

सल्लागार बाईंनी चष्मा पुन्हा लावला. त्यांचा आवाज नेहमीसारखा कामाचा होता. "खाली पूर्ण नाव लागेल. तुमचं दुकानाशी नातं काय, तेही लिहावं लागेल. फोटो नसला तरी चालेल. पण नाव एकदा गेलं की सगळीकडे जातं, ते परत घेता येत नाही. घाई करू नका."

वहिनीने रविवारपर्यंतची मुदत मागितली. नवऱ्याला माहीत होतं, ताईंना माहीत होतं. माहीत नव्हतं ते आईला. आई दुसऱ्या गावी राहायची. दर रविवारी व्हिडिओ कॉल करायची आणि दर दोन महिन्यांनी स्वतः काढलेल्या तेलाची बाटली पाठवायची.

"आई, एक सांगायचंय," रविवारी वहिनी म्हणाली. "माझ्या डोक्यावर केस नाहीत. चाई पडली होती, मग सगळेच गेले. नऊ वर्षं झाली."

आईने फोन इतका जवळ घेतला की पडद्यावर तिचं कपाळ आणि एक डोळा तेवढा राहिला.

"मग हे काय दिसतायत?"

"ताईंनी केलेत."

"बाजूला वळ. आता इकडून." "आणि मी तेल पाठवते ते?"

"हे लावतात."

"जावईबापू? त्यांच्या डोक्यावर आहेत किती!"

"लावूनही तेवढेच आहेत."

आई हसली. हसता हसता फोन तिच्या हातातून खाली गेला आणि वहिनीला नुसतं छत दिसत राहिलं. मागे आईच्या नाक ओढण्याचा आवाज येत होता. वहिनी थांबली.

"मला का नाही सांगितलंस?" आवाज आला.

"तुला हे केस बघून बरं वाटायचं गं."

फोन पुन्हा वर आला. आईने डोळे पुसले होते. "पुढच्या वेळी लहान बाटली पाठवते," ती म्हणाली.

सोमवारी तो मजकूर वेबसाइटवर चढला, खाली पूर्ण नाव आणि 'विग करणाऱ्या ताईंची भावजय' असं स्पष्ट लिहून. पंधरा दिवस काहीच हललं नाही. मग त्या अकरा जणींपैकी तिघींनी आपणहून लिहून पाठवलं, दोघींनी नुसती आद्याक्षरं घालून. एका रुग्णांच्या मंडळाने त्यांच्या पानावर दुकानाचा उल्लेख केला. दोन महिने उलटल्यावर एका दुपारी वहिनीने सवयीने तोच प्रश्न विचारला आणि चौथं नाव त्यांचं आलं. खाली ओळ होती: 'लहान दुकान, हाताने केलेलं काम, चालवणाऱ्यांपैकी एक जण स्वतः अनेक वर्षं विग वापरते.'

सल्लागार बाईंनी तारीख टिपून घेतली आणि म्हणाल्या, "चौथं काय, उद्या नसेलही. लिहीत राहायचं." ताईंनी त्या मोठ्या कंपनीला 'सध्या जमणार नाही' असं कळवलं. 'सध्या' हा शब्द वहिनीने घालायला लावला होता.

त्याच आठवड्यात एका बाईचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती.

"त्या चॅटबॉटने सांगितलं, तुमच्याकडे एक जण स्वतः वापरते. खरं आहे, की उगाच आपलं?"

"खरं आहे."

"समोरच्याला कळतं का हो?"

वहिनी 'नाही' म्हणणार होती. तशी वाक्यं त्या पाचही दुकानांच्या पानांवर होती.

"तुम्ही या," ती म्हणाली. "आम्ही दोघी असतो. कोण वापरतं ते तुम्हीच सांगा."

बाई दोन दिवसांनी आली, दुपारची. डोक्यावर कानांपर्यंत ओढलेली सुती टोपी. फळीवरच्या विगांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. खुर्चीत बसली आणि वहिनीकडे पाहत राहिली. भांग, कानाची कड, मानेवरचे बारीक केस. मग दारात उभ्या असलेल्या ताईंकडे. ताईंचे केस अर्धे पिकलेले, अंबाडा घट्ट, भांग जरा वाकडा. बाईने पुन्हा एकदा दोघींवरून नजर फिरवली आणि अवघडून ताईंकडे बोट केलं.

"या ना?"

वहिनीने ओठ मिटून घेतले. ताईंनी अंबाड्यातल्या पिना काढून टेबलावर ठेवल्या, केस मोकळे सोडले आणि त्या बाईच्या पुढ्यात स्टूल ओढून पाठमोऱ्या बसल्या.

"ओढून बघा," त्या म्हणाल्या. "जोरात."

बाईने आधी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग हात पुढे केला.